तीस मीटर

धंतोलीतल्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीपासून जिन्याखालच्या नळापर्यंत
तीस मीटरचा पॅसेज आहे.
दोन्ही टोकांना नारंगी शंकू,
रस्ता खोदून ठेवल्यावर लावतात ना, तसले.
सहा मिनिटं मी त्यांच्यामध्ये ये-जा करते,
बोटाला चिमटा, पायात सपाट चप्पल,
आणि उईके सिस्टर घड्याळ धरून सांगते,
"पळू नका ताई. गप्पा बी नका मारू. फक्त चाला."

डिसेंबरात तीनशे ऐंशी भरले होते.
मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत, दोनशे नव्वद.
आजचं व्हायचंय अजून.

डॉक्टर नंदनवार भला माणूस, आकडा तोंडाने काढत नाही.
चिठ्ठीच्या मागे ठिपके काढायला लागला,
म्हणाला, समजा हे शंभर पेशंट.
वीसेक काढले आणि कंटाळला.
मी म्हटलं, सर, मी बँकेत आहे, टक्के मला कळतात.
पाच वर्षांनी किती उरतात तेही वाचलंय.
यातला माझा ठिपका कोणता, तेवढं दाखवा.
त्याने पेनाला टोपण लावलं.
"ते तर मलेही नाही माहीत, बाप्पा."
त्या "बाप्पा"वर मी
घरापर्यंत तगले.

दुखणं फुफ्फुसाच्या नळ्यांचं,
मार खातंय हृदयाचं उजवं अंग.
आमच्या इमारतीची पाण्याची मोटार तशीच आहे:
पाइप आतून बुजत चाललेत,
ती बिचारी गुरगुरते, तापते, फुगते,
आणि मीटिंगमध्ये सगळे तिलाच शिव्या घालतात.

गोळी दिवसातून तीनदा.
मेडिकल चौकातला पोरगा चिठ्ठी वाचतो,
शेजारच्याला कोपराने ढोसतो,
"साहेबांसाठी का, मॅडम?"
"नाही, माझ्यासाठी. नव्वद द्या.
बिलावर नाव लिहा, विशाखा खोबरागडे."
माझे ओठ निळे, त्याचे कान लाल,
मधे काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या.

इंदोऱ्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही.
अठ्ठेचाळीस पायऱ्या.
आधी कधी मोजल्या नव्हत्या,
श्वास तरी कोण मोजत होतं?
आता पहिल्यावर रामटेक्यांच्या दाराशी थांबते,
दुसऱ्यावर हेडाऊंच्या.
कोणाकडे फोडणीत लसूण जास्त झाला,
कोणाचा पोरगा गणितात गेला,
कूलरचा वाळा यंदा बदलला की नाही,
सगळं मला ठाऊक असतं.
एक दिवस हेडाऊकाकूंच्या दाराबाहेर स्टूल आलं.
कोणासाठी, ते त्या बोलल्या नाहीत,
मीही विचारलं नाही.
बसते.

परवा काउंटरवर एक आजोबा आले, वय अठ्ठ्याऐंशी.
मुदत ठेव टाकायची होती.
"किती वर्षांची?"
"दहा," म्हणाले,
बाजारात डझनाचा भाव सांगावा तितकं सहज.
मी दहा लिहिलं. वारसाचं नाव विचारलं.
"मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण?"
"हो तर! मी कायले खेटे घालू इतक्यासाठी?"
पासबुक पिशवीत कोंबताना
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"पोरी, बसल्या बसल्या धापा टाकून राह्यली तू.
पाणी पी."

प्यायले.

"एक मिनिट राहिलं," उईके सिस्टर म्हणते.
सगळ्यांनाच म्हणते, तसा नियम आहे.
छातीत कोणीतरी जुनं कपाट सरकवतंय.
नळ गळतोय, तो आधी ऐकू येतो, मग दिसतो.
शंकूला वळसा घालते आणि
"थांबा!"

जिथे आहे तिथेच थांबायचं असतं.
ती गुडघ्यावर बसते, टेप ताणते
शंकूपासून माझ्या टाचेपर्यंत.
"अकरा फेऱ्या झाल्या ताई.
अन् वर हा एक मीटर."
पेन कानावरून काढत विचारते,
"लिहू का हा?"

मला बोलायला वेळ लागतो.
ती थांबते.
लिही, म्हणते मी. तोही लिही.